उजेड हवा, ऊन नको: इमारतीतला नैसर्गिक प्रकाश नेमका काय देतो?

प्रश्न असा आहे: दोन मजली इमारत बांधायची आहे, खाली कार्यालय आणि वर राहते घर. आर्किटेक्टने उंच खिडक्या, मधोमध छोटा चौक आणि जिन्यावर स्कायलाइट, म्हणजे छतातली काच, सुचवला आहे. घरच्यांचे म्हणणे असे की एलईडी दिवे आता इतकी कमी वीज खातात, मग काच, छज्जे आणि चौकासाठी सोडलेली जागा यांवर पैसे कशाला घालायचे? नैसर्गिक प्रकाशाचे फायदे खरेच एवढे आहेत का, आणि असतील तर ते पदरात पाडून घ्यायला काय करावे लागते?

गेली २२ वर्षे मी इमारतींमधल्या प्रकाशाचेच काम करते आहे. घरच्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो, म्हणून आधी विजेचाच हिशोब मांडते.

जुना तारेचा बल्ब एका वॅटमागे १२ ते १५ ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) प्रकाश द्यायचा, बाकी सगळी उष्णता. ट्यूबलाइट ६० ते ९० पर्यंत पोचली. आकाशातून येणारा उजेड मात्र सोबत आणलेल्या प्रत्येक वॅट उष्णतेमागे साधारण १०० ते १३० ल्युमेन देतो. त्यामुळे त्या काळी खिडकीचा फायदा दुहेरी होता: दिव्याची वीज वाचायची आणि दिव्यांनी खोली तापायची तेही टळायचे. आजचा चांगला एलईडी १०० ते १५० ल्युमेनवर गेला आहे, म्हणजे त्याने आकाशाला गाठले. घरात दिवे मुख्यतः रात्रीच लागतात. तिथे केवळ बिलाकडे पाहून चौक बांधा, असे मी कुणालाही सांगणार नाही.

खालच्या मजल्यावरच्या कार्यालयाचे गणित वेगळे आहे. कामाचे तास आणि सूर्याचे तास तिथे जवळजवळ एकच असतात, त्यामुळे बचतीला खरा वाव आहे. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: खिडकी वीज वाचवत नाही, बंद केलेला दिवा वीज वाचवतो. माणूस सकाळी खोलीत शिरताना अंधुक वाटले की बटण दाबतो आणि नंतर कितीही उजाडले तरी संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत त्या बटणाला हात लावत नाही. लोकांच्या या सवयीचा अभ्यास १९७० च्या दशकापासून झालेला आहे आणि मीही प्रत्येक इमारतीत तेच पाहिले आहे. उपाय सोपा आणि स्वस्त आहे, फक्त वायरिंगच्या आधी सुचायला हवा. दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर घ्या आणि प्रत्येक ओळीला वेगळे बटण द्या. खिडकीजवळच्या ओळीला उजेड ओळखणारा सेन्सर बसवता आला तर आणखी चांगले. बहुतेक ठिकाणी ओळी खिडकीला काटकोनात टाकलेल्या असतात. मग आतल्या टेबलावर अंधार आहे म्हणून खिडकीलगतचा दिवाही दिवसभर जळतो.

तर वीज हा फायदा आहे, पण तो पहिला नाही. पहिला फायदा शरीराचा आहे आणि तो एलईडीने भरून निघणे फार अवघड आहे.

भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स (एखाद्या जागेवर किती प्रकाश पडतो त्याचे माप) प्रकाश असतो. आभाळ पूर्ण भरून आले तरी १०,००० च्या आसपास. आणि आपण ज्याला छान उजळलेले कार्यालय म्हणतो तिथे टेबलावर ३०० ते ५०० लक्स. हा फरक जाणवत नाही, कारण डोळा स्वतःला फार झपाट्याने जुळवून घेतो. आत आलो की दोन मिनिटांत सगळे ठीक दिसू लागते. पण डोळ्याचे दुसरेही एक काम आहे आणि त्यात अशी जुळवाजुळव चालत नाही.

१९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेतल्या पेशींमध्ये मेलॅनॉप्सिन नावाचे प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन सापडले. पुढे ते माणसाच्या दृष्टिपटलातही आढळले. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवून दिले की दृष्टिपटलातल्या काही चेतापेशी नेहमीच्या शंकू आणि दंडपेशींच्या मदतीशिवायही प्रकाश ओळखतात. या पेशींचे काम मुख्यतः चित्र दाखवण्याचे नाही. ‘दिवस आहे की रात्र’ एवढा निरोप त्या मेंदूतल्या घड्याळाला पोचवतात. त्यांची संवेदना सुमारे ४८० नॅनोमीटरला सर्वांत तीव्र असते. तो निळा रंग आकाशाच्या उजेडात भरपूर असतो, पिवळसर दिव्यात कमी. आणि त्या पेशी हळू, दीर्घ काळ प्रकाश मोजतात. पाच मिनिटे बाल्कनीत उभे राहण्यापेक्षा चार तास खिडकीशेजारी बसणे हे त्यांच्या स्वभावाला अधिक मानवते.

हे घड्याळ रोज जुळवून का घ्यावे लागते? कारण आपले आतले घड्याळ २४ तासांचे नाही, सरासरी त्याहून दहा-बारा मिनिटांनी मोठे आहे. सकाळचा उजेड ते पुढे ओढतो, रात्री उशिराचा झगझगाट मागे ढकलतो. दिवसा अंधुक आणि रात्री लख्ख अशा इमारतीत राहणाऱ्या माणसाचे घड्याळ हळूहळू रेंगाळत जाते: झोप उशिरा लागते, सकाळ जड जाते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. तेव्हापासून माझ्या क्षेत्रात हा विषय गंभीरपणे घेतला जाऊ लागला. त्याआधी आम्ही प्रकाशयोजनेत फक्त टेबलावर किती लक्स एवढेच पाहत होतो.

पुरावा कितपत आहे, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४९ कर्मचाऱ्यांची तुलना केली होती. खिडकी असलेल्या जागी काम करणारे बिनखिडकीच्या जागेतल्यांपेक्षा रात्री सरासरी ४६ मिनिटे जास्त झोपत होते. संख्या लहान आहे, म्हणून मी ४६ हा आकडा मंत्रासारखा जपत नाही, पण दिशा पटण्याजोगी आहे. मिलानमधल्या एका रुग्णालयात द्विध्रुवी (बायपोलर) विकाराच्या नैराश्याने दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी २००१ मध्ये तपासल्या गेल्या. पूर्वेच्या खोल्यांतले रुग्ण पश्चिमेच्या खोल्यांतल्या रुग्णांपेक्षा सरासरी साडेतीन दिवसांहून थोडे अधिक लवकर घरी गेले होते. रुग्णालय तेच. फरक होता तो सकाळच्या उजेडाचा. तुम्ही वरच्या मजल्याचा नकाशा करताना हे लक्षात ठेवा. सकाळचे पहिले दोन तास घरातली माणसे जिथे घालवतात, मग ती बसण्याची जागा असो वा स्वयंपाकघर, ती जागा पूर्वेच्या उजेडात असावी. स्वच्छतागृह, कोठार आणि जिना यांना ती बाजू देऊन टाकणे ही चूक मी वारंवार पाहते.

शाळांचा पुरावा मला विशेष बोलका वाटतो, कारण तो सरळ नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सर्वाधिक उजेडाच्या वर्गांतली मुले वर्षभरात गणितात २० टक्के आणि वाचनात २६ टक्के अधिक वेगाने पुढे गेल्याचे दिसले. हे आकडे आजही सगळीकडे छापले जातात. पण त्याच संशोधकांनी २००३ मध्ये दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासले तेव्हा उजेड जास्त म्हणजे प्रगती जास्त असा सरळ संबंध मिळाला नाही. तिथे दिसले ते असे: खिडकीतून चांगले दृश्य दिसत असेल तर फायदा, आणि डोळ्यांवर चमक येत असेल, फळ्यावर ऊन पडत असेल, तर तोटा. माझ्या दृष्टीने हा दुसरा अभ्यास पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. इमारतीत प्रकाश किती आला यापेक्षा तो कसा आला यावर सगळे ठरते.

दृश्याचा फायदाही वेगळा मोजलेला आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी जोड्या लावून पाहिल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले. समोर विटांची भिंत असणाऱ्यांना ८.७० दिवस लागले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही जास्त लागली. शिवाय संगणकाच्या पडद्यावर तासन्तास रोखलेली नजर अधूनमधून दूरवर गेली तर डोळ्यातला स्नायू सैल होतो. त्यासाठी भिंतीवरचे चित्र पुरत नाही, खरे अंतर लागते.

काही फायदे पटकन सांगते. दिवसाच्या उजेडात सगळ्या तरंगलांबी असतात, म्हणून कापड, त्वचा, रंग जसे आहेत तसे दिसतात. घरात वयस्क माणसे असतील तर प्रकाश चैन राहत नाही. साठीतल्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांश एवढाच प्रकाश पोचतो, कारण भिंग पिवळे पडते आणि बाहुली लहान होते. जिन्याची पायरी त्यांना ‘दिसत नाही’ हे ते खरेच सांगत असतात. वीज गेली तरी उजेडाचा जिना उतरता येतो. २०१८ मधल्या एका प्रयोगात अंधाऱ्या खोल्यांतल्या धुळीत सुमारे १२ टक्के जिवाणू जिवंत सापडले, तर काचेतून उजेड येणाऱ्या खोल्यांत सुमारे ७ टक्के. झाडलोट आणि वायुवीजन यांची जागा त्याने भरून निघत नाही, पण मदत होते.

आणि एक गैरसमज दूर करते, कारण दर दुसरा माणूस तो बोलून दाखवतो: खिडकीशेजारी बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी लागणारे अतिनील-ब किरण साधी काच जवळजवळ पूर्ण अडवते. अतिनील-अ मात्र बरेचसे आत येतात आणि पडदे, पुस्तकांच्या पाठी आणि चित्रे फिकी करतात.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आपल्या भाषेत या विषयाची किल्ली आयतीच आहे. आपण उजेड म्हणतो आणि ऊन म्हणतो, आणि दोन्हींत कधी गल्लत करत नाही. उजेड म्हणजे आकाशाचा पसरलेला प्रकाश, ऊन म्हणजे सूर्याची थेट तिरीप. उष्ण हवामानात कामाच्या जागेला उजेड हवा असतो, ऊन नको असते. थंड हवामानात हिवाळ्याचे ऊनही हवेसे असते, पण तिथेही टेबलावर आणि संगणकाच्या पडद्यावर नको. वर मी जे फायदे सांगितले ते जवळजवळ सगळे उजेडाचे आहेत. तोटे जवळजवळ सगळे उन्हाचे आहेत. खिडकीचे खरे काम ही दोन वेगळी करणे हे आहे.

ऊन म्हणजे किती? सूर्यासमोर धरलेल्या एका चौरस मीटरवर १,००० वॅटपर्यंत ऊर्जा पडते. पश्चिमेला दोन चौरस मीटरची साधी काच लावली तर दुपार कलल्यावर तिच्यातून सुमारे एक किलोवॅट उष्णता आत येते. खोलीत हीटर लावून एसीला त्याच्याशी झुंजायला लावण्यासारखे आहे हे. आणि टेबलावर पडलेला उन्हाचा चौकोन शेजारच्या भागापेक्षा शंभर पटीहून उजळ असू शकतो. डोळा त्या चौकोनाला जुळवून घेतो आणि बाकी खोली काळवंडते. मग माणूस करतो काय? पडदा ओढतो आणि दिवा लावतो.

एका वाचनालयाने काही वर्षांपूर्वी मला बोलावले होते. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि तक्रार काय, तर आत अंधार आहे! मी सकाळी अकराला गेले तेव्हा सगळ्या ब्लाइंड्स खाली होत्या आणि छतावरचा प्रत्येक दिवा चालू होता. ऊन त्या काचेवर दुपारी तीननंतर यायचे. पण चारला खाली ओढलेली ब्लाइंड दुसऱ्या दिवशी सकाळी वर करणे हे कुणाचेच काम नव्हते. आम्ही काच बदलली नाही. बाहेरून उभ्या पट्ट्या लावल्या, सूर्य ज्या दिशेने उतरतो तिकडे पाठ करून तिरप्या वळवलेल्या. ब्लाइंड्स फक्त खालच्या दोन तृतीयांश भागापुरत्या ठेवल्या आणि वरचा पट्टा कायमचा उघडा राहील असा केला. त्यानंतर तिथे दिवसा वरचे दिवे लागेनासे झाले. खिडकीचा वरचा भाग आणि खालचा भाग ही दोन वेगळी साधने आहेत हे मी त्या कामापासून प्रत्येकाला सांगते: खालचा भाग बाहेर बघण्यासाठी, वरचा भाग खोलीत खोलवर उजेड पोचवण्यासाठी.

याचा ढोबळ नियम असा: खिडकीतून उपयोगी उजेड तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीड ते दोन पट आत जातो. लिंटल (खिडकीवरची आडवी तुळई) २.१ मीटरवर असेल तर तीन ते चार मीटर. तोच २.७ वर नेला तर चार ते साडेपाच. टेबलाच्या उंचीखालची काच मात्र टेबलाला जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून उंच खिडक्यांबद्दल तुमचा आर्किटेक्ट बरोबर सांगतो आहे. काचेचे क्षेत्रफळ वाढवायची गरज नाही, तीच काच वर सरकवा. आणि मग फॉल्स सीलिंग खाली आणून तिचे डोके कापू नका! एवढा साधा घात मी अनेकदा पाहिला आहे: बांधकामाच्या वेळी उंच घेतलेली खिडकी, आणि इंटीरियरच्या वेळी तिच्यासमोर उतरवलेले छत. छत पांढरे आणि विनाचमक ठेवा. चांगला पांढरा रंग पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्के परत फेकतो, त्यामुळे खोलीच्या आतल्या भागासाठी छत हाच दुसरा दिवा असतो.

कोणत्या जागी उजेड पोचेल हे पाहण्यासाठी सॉफ्टवेअर असतेच, पण एक साधी कसोटी नकाशाच्या छेदावर, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या चित्रावर, पट्टी ठेवून तुम्हीही करू शकता. समोरच्या इमारतीचा माथा आणि तुमच्या खिडकीची वरची कड यांना जोडणारी रेघ आत वाढवा. टेबलाच्या उंचीवर ती जिथे पोचते त्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाला आकाश दिसणार नाही, आणि जिथून आकाश दिसत नाही ती जागा दिवसाही दिवा मागेल. समोर आज मोकळी जागा असेल तर उद्या किती उंच इमारत उभी राहू शकते तेही त्या रेघेत धरा. हा वाद फार जुना आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३२ च्या कायद्यापासून, २० वर्षे अखंड मिळालेल्या उजेडावर खिडकीचा हक्क मानला जातो. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये उंच इमारतींना वर जाताना मागे सरकायला लावले, त्यामागेही रस्त्यांवर आणि शेजाऱ्यांवर पडणाऱ्या सावलीची तक्रार होती.

उजेड पुरेसा आहे का हे आकड्यात सांगायचे तर डेलाइट फॅक्टर वापरतात: ढगाळ दिवशी बाहेर जेवढा प्रकाश, त्याचे किती टक्के आत टेबलावर पोचतात. सरासरी २ टक्के असेल तर दिवसाचा बराच वेळ भागते, ५ टक्के असेल तर दिवसा दिव्याची गरज सहसा पडत नाही. बाहेर १०,००० लक्स असताना २ टक्के म्हणजे २०० लक्स. युरोपच्या २०१८ च्या मानकात दुसरी भाषा आहे: निम्म्या जागेवर, दिवसाच्या निम्म्या तासांसाठी, किमान ३०० लक्स. तुमच्या आर्किटेक्टला यांपैकी काहीही विचारा. उत्तर कोणत्या पद्धतीने देतो यापेक्षा देतो की नाही हे महत्त्वाचे.

दिशांबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण पैसे इथेच वाचतात किंवा वाया जातात. खालचे सगळे उत्तर गोलार्धासाठी आहे. दक्षिण गोलार्धात उत्तर आणि दक्षिण यांची अदलाबदल करा. उत्तरेचा उजेड सर्वांत शांत. दक्षिणेचा सूर्य उंचावर असतो, म्हणून तो आवरायला सोपा. २० अंश अक्षांशावर २१ मार्चला दुपारी बाराच्या सुमारास तो ७० अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेच्या १.२ मीटर उंचीच्या खिडकीवर फक्त ४५ सेंटिमीटरचा छज्जा पूर्ण सावली धरतो. जूनमध्ये तर सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो, आणि डिसेंबरमध्ये ४६ अंशांपर्यंत उतरून हिवाळ्याचे थोडे ऊन आत सोडतो. पन्नास अंश अक्षांशावर मात्र मार्चमध्येही तो ४० अंशांवरच असतो. छज्ज्याची मापे एका ठिकाणाहून दुसरीकडे उचलून नेता येत नाहीत ती यामुळे.

पूर्व आणि पश्चिम इथे छज्जा हरतो. सूर्य २० अंशांवर असताना तोच ४५ सेंटिमीटरचा छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर जेमतेम १६ सेंटिमीटर सावली पाडतो. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, झाड किंवा सरळ कमी काच, एवढेच उपाय आहेत. आणि सावली नेहमी बाहेरून धरा. आतला पडदा ऊन अडवतो तोपर्यंत उष्णता काचेच्या आत येऊन बसलेली असते.

काच निवडताना दोन आकडे विचारा, एक नाही: दृश्य प्रकाश किती टक्के आत येतो आणि सूर्याची एकूण उष्णता किती. सूर्याच्या ऊर्जेतला जवळपास निम्मा भाग डोळ्याला न दिसणारा अवरक्त असतो. चांगली लो-ई काच (न दिसणारा पातळ लेप दिलेली) तो भाग बराचसा परतवते आणि उजेड सोडते. काळी किंवा गडद आरशासारखी काच दोन्ही अडवते. अशा इमारतींत भर दुपारी सगळे दिवे चालू असतात आणि आतल्या माणसाला बाहेर कायमचे आभाळ भरून आलेले दिसते. इतकी काच लावून इतका अंधार विकत घेण्याचा हा प्रकार मला खरेच क्लेश देतो. हवामान थंड असेल तर डबल ग्लेझिंग हवेच. एकेरी काचेतून उष्णता निसटते त्याच्या साधारण निम्मीच दुहेरीतून निसटते, पण तीसुद्धा चांगल्या उष्णतारोधक भिंतीच्या कितीतरी पट असते. म्हणून सगळी भिंतच काचेची करण्यात शहाणपण नाही.

आता चौक. चौकाचे मला वाटणारे सर्वांत मोठे मोल हे की तो खोलीला दुसऱ्या बाजूने उजेड देतो. एकाच बाजूने प्रकाश येणाऱ्या खोलीत खिडकीसमोर उभ्या माणसाचा चेहरा काळा दिसतो, लिहिणाऱ्याच्या हाताची सावली कागदावर पडते आणि आतला कोपरा आहे त्याहून अंधारा भासतो. विरुद्ध बाजूने थोडासा उजेड आला तरी हे सगळे निवळते. पण छोटा चौक फसवा असतो. तळमजल्यावरच्या खिडकीसमोर तीन मीटरवर तिच्या मध्यापासून पाच मीटर उंच भिंत उभी असेल, तर ती भिंत ५९ अंशांपर्यंतचे आकाश झाकते. खिडकीला वरची चिंचोळी पट्टीच उरते. म्हणून चौकाकडच्या खिडक्या खालच्या मजल्यावर मोठ्या आणि वरच्या मजल्यावर लहान हव्यात. नकाशांत सहसा दोन्ही मजल्यांवर एकच माप असते, ते बदलून घ्या. वर खिडकी लहान झाल्याने उरलेली पांढरी भिंत खालच्यांना उजेड उतरवून देते.

जिन्यावरच्या स्कायलाइटला माझा होकार आहे, पण लहानच. ढगाळ आकाश डोक्यावर क्षितिजापेक्षा तिप्पट उजळ असते, त्यामुळे वरचे लहान भोकही पुष्कळ देते. खालच्या क्षेत्राच्या ३ ते ५ टक्के पुरेत. उन्हाळ्याचा सूर्य मात्र आडव्या काचेवर जवळजवळ सरळ पडतो. जमले तर आडवी काच टाळून जिन्याचे डोके थोडे वर उचला आणि उत्तरेकडे उभी काच लावा. ती गळत नाही आणि तिच्यावर धूळही कमी साचते. टेक्सासच्या रखरखीत उन्हात वास्तुविशारद लुई कान यांनी १९७२ मध्ये पूर्ण केलेले किंबेल कला संग्रहालय मी या कामातला सर्वोच्च धडा मानते. कमानीच्या माथ्यावर एक अरुंद फट, तिच्याखाली छिद्रे पाडलेल्या ॲल्युमिनियमचे पंख. ऊन पंखांवर पडते, तिथून वर कमानीवर फेकले जाते, आणि चित्रांपर्यंत येताना त्याचा चंदेरी उजेड झालेला असतो.

लाइट शेल्फ सुचवले तर थोडे सावध राहा. खिडकीत मध्यावर बसवलेली ती आडवी फळी खिडकीजवळचा झगझगाट कमी करते, खोली समतोल वाटते. पण एकूण उजेड ती वाढवत नाही, आणि धूळ साचली की वरून परतणारा प्रकाशही जातो. पुसायला हात पोचत नसेल तर लावू नका.

आर्किटेक्टकडून आता तीन गोष्टी मागा. प्रत्येक मुख्य खोलीचा छेद, ज्यात वर सांगितलेली आकाशाची रेघ दाखवलेली असेल. २१ मार्च, २१ जून आणि २१ डिसेंबर या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला ऊन कुठे पडते याचे आराखडे. आणि दिव्यांच्या ओळींचा वायरिंग नकाशा. खर्चाला कात्री लावायची वेळ आलीच तर आधी पश्चिमेची काच कमी करा, मग स्कायलाइटचे माप, मग खिडक्यांची सिल, म्हणजे खालची कड, टेबलाच्या उंचीपर्यंत वर घ्या. लिंटलची उंची, बाहेरच्या सावल्या आणि चौकाची रुंदी यांना हात लावू नका, कारण काच पुढे केव्हाही बदलता येते, स्लॅब आणि भिंती नाही. आणि ओळींची वेगळी बटणे वायरिंगवाल्याला आजच सांगा; भिंती गिलावल्यावर ती कुणीच बसवत नाही.